चिकित्सा एका मुळीची : सर्पगंधा ते रेसर्पिन

मराठीत ‘चिकित्सा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. रोग्यावर उपचार करणे ही चिकित्सा. आणि एखादे विधान पारखून, त्याला प्रश्न विचारून मगच स्वीकारणे हीदेखील चिकित्सा. आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना दुसरा अर्थ अधिक परिचयाचा आहे. धर्मचिकित्सा, ग्रंथचिकित्सा, इतिहासाची चिकित्सा हे शब्द आपण घरात, विहारात, व्याख्यानमालांत ऐकत आलो. तथापि औषधाचा प्रश्न आला की हे दोन अर्थ एकमेकांपासून दुरावतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या फोनवर रोज संदेश येतात : अमुक पाल्याच्या काढ्याने मधुमेह जातो, तमुक मुळीने रक्तदाब उतरतो, आणि हे सारे प्राचीन ऋषींना ठाऊक होते. उलट बाजूला, झाडपाल्याचे सगळे ज्ञान म्हणजे अडाणीपणा, असे मानणारेही आपल्यात कमी नाहीत. दोन्ही मतांमध्ये तपासणीला जागा नाही.

म्हणून या लेखात आम्ही एका मुळीच्या तपासणीचा इतिहास मांडत आहोत. ती मुळी सर्पगंधेची. पाटणा, दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बाझल आणि बोस्टन अशा ठिकाणी तिच्या कथेचे धागे पसरले आहेत. वनस्पतीच्या अर्काचा शरीरावर काही परिणाम होतो किंवा नाही हे ठरवायचे तर काय काय करावे लागते, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या उदाहरणातून दिसेल.

वनस्पतींकडे औषध म्हणून पाहण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी कोणती औषधे चालतील याची त्यात यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा. काढ्यांमध्ये कडुनिंब आणि कुडा. फळांमध्ये पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. त्याच महावग्गात जीवकाची कथा येते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले, हे शिक्षण संपणार कधी? आचार्य म्हणाले, कुदळ घे, तक्षशिलेच्या चहूबाजूंना एक योजन फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. या कथेवरून पुष्कळ जण ‘प्रत्येक झाड औषधी आहे’ एवढाच बोध घेतात. आम्हाला त्यातली कुदळ महत्त्वाची वाटते. आचार्यांनी जीवकाला पाठांतर म्हणायला सांगितले नाही. जमिनीवर जाऊन पाहायला सांगितले. मात्र यादीत नाव असणे हा गुणाचा पुरावा होत नाही, मग ती यादी आपल्याला प्रिय असलेल्या ग्रंथातली का असेना. कालामांना केलेला उपदेश आपण इतरांच्या ग्रंथांना लावतो, तोच येथेही लागू होतो.

आता सर्पगंधेकडे वळू. हे एक लहानसे झुडूप. साधारण गुडघ्याएवढे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे, पिकल्यावर काळसर होणाऱ्या बारीक फळांचे. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार-बंगालपर्यंत आणि पश्चिम घाटाच्या ओलसर जंगलांतही ते आढळते. औषधी भाग म्हणजे मुळी. ती चवीला अतिशय कडू. शास्त्रीय नावातले पहिले पद सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लेओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे.

या मुळीविषयी लोकांत मुख्यतः दोन समजुती होत्या. पहिली, ती सापाच्या विषावर उतारा आहे. अशा मुळ्यांचा बोलबाला जुना आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही सर्पदंशावरच्या मुळ्यांना वाहिलेले एक प्रकरण आहे. दुसरी समजूत बिहारमधली. तेथे ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून बाजारात विकली जाई. अस्वस्थ, हिंसक झालेल्या मनोरुग्णाला ती दिली जाई, आणि गरीब घरांत लहान मुलांना झोप लागावी म्हणूनही थोडी चाटवली जाई, अशा नोंदी आहेत.

पहिल्या समजुतीने झाडाला नाव दिले. पण ती परीक्षेत टिकली नाही. सर्पदंशावर उपाय एकच, प्रतिविष. ते घोड्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून बनवले जाते आणि मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेने त्याच्या निर्मितीत मोठे काम केले आहे. दुसरी समजूत कुणा राजवैद्याची नव्हती. ती बाजारातली, गोरगरिबांच्या घरातली होती. ती मात्र खरी निघाली, आणि लोकांना ठाऊक होते त्याहून अधिक काही त्या मुळीत निघाले. कोणती समजूत टिकेल हे आधी सांगता आले नसते. दोन्ही सारख्याच जुन्या होत्या आणि दोन्हींवर लोकांचा विश्वासही सारखाच होता.

शास्त्रीय तपासणीचा पहिला महत्त्वाचा टप्पा दिल्लीचा. हकीम अजमल खान यांनी तेथील आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात संशोधनाची सोय व्हावी म्हणून सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावले. सिद्दिकी नुकतेच जर्मनीतील फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेऊन आले होते. १९३१ साली त्यांनी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकाचे नाव, तोवर दिवंगत झालेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ, अजमलिन असे ठेवले गेले.

अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, नायट्रोजन असलेले, बहुधा कडू असे द्रव्य. ते वेगळे करण्याची रीत सोपी करून सांगायची तर अशी. मुळी वाळवून तिची भुकटी करायची. ती अल्कोहोलमध्ये भिजवायची. अल्कोहोल असंख्य द्रव्ये ओढून घेते. मग त्या अर्कात आम्ल मिसळायचे. अल्कलॉइडे आम्लाशी संयोग पावून क्षार होतात आणि पाण्यात विरघळतात; राळ, मेण, हरितद्रव्य मागे राहते. पुढे त्या पाण्यात अल्कली घातली की अल्कलॉइडे पुन्हा मोकळी होतात आणि योग्य द्रावकात उतरतात. मागे राहिलेला चिकट राळेचा भाग सहसा टाकाऊ समजला जाई. हा टाकाऊ भाग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक निबंध प्रसिद्ध केला. तिची भुकटी वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिली असता हिंसक मनोरुग्ण शांत होतात, त्यांना झोप लागते, आणि त्यांचा रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदवले. बिहारच्या बाजारातल्या समजुतीत रक्तदाबाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण दाब मोजण्याचे साधन घरात नव्हते. मापन आल्यावर नवा गुण दिसला.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीतल्या अल्कलॉइडाची प्राण्यांवर तपासणी प्रसिद्ध केली. अशा तपासणीची त्या काळची पद्धत म्हणजे बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या धमनीत नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडणे. काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर सुईने दाबाची रेघ उमटत राही. अर्क टोचल्यावर रेघ खाली आली तर परिणाम आहे. ती हलली नाही तर नाही. त्या रेघेला मुळीची कीर्ती ठाऊक नव्हती आणि संशोधकाची प्रतिष्ठाही ठाऊक नव्हती.

तरीही एक कोडे सुटत नव्हते. दिल्लीत मिळालेली शुद्ध अल्कलॉइडे मुळीइतकी झोप आणत नव्हती. अजमलिनचा उपयोग पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी झाला. मनोरुग्णाला शांत करणारे द्रव्य ते नव्हते. १९४० च्या दशकात कलकत्त्याच्या संशोधकांना दिसले की झोप आणणारा गुण त्या राळेच्या, टाकाऊ मानलेल्या भागात आहे.

आमच्यापैकी अनेकांची उपजीविका संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यावर चालते. मोठ्या आज्ञावलीत दोष नेमका कोठे आहे हे कळत नसेल तर आम्ही तिचे दोन भाग करतो, प्रत्येक भाग चालवून पाहतो, ज्या भागात दोष दिसतो त्याचे पुन्हा दोन भाग करतो. वनस्पतीच्या अर्कातले परिणामकारक द्रव्य शोधण्याची रीत हीच आहे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग जिवंत पेशीवर किंवा प्राण्यावर तपासायचा, परिणाम ज्या भागात उतरला तो धरून पुढे जायचे. येथे एक सावधगिरी लागते. ‘या भागात काही असणार नाही’ असे गृहीत धरून एखादा भाग न तपासता टाकून दिला तर हवे तेच निसटून जाते. सर्पगंधेच्या बाबतीत जवळजवळ तसेच घडले.

राळेच्या भागाचा पाठपुरावा शेवटी स्वित्झर्लंडमध्ये झाला. बाझल येथील सिबा कंपनीत योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन यांनी १९५२ साली त्यातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. ते रेसर्पिन. ते अल्कलॉइडच होते, पण इतके सौम्य अल्कधर्मी की नेहमीच्या पद्धतीत ते इतरांसोबत बाहेर पडत नसे. मुळीची भुकटी ग्रॅममध्ये द्यावी लागे; रेसर्पिनची गोळी मिलिग्रॅमच्या पाव भागाएवढी किंवा त्याहून कमी मात्रेची पुरे. एका मुळीत किती आणि दुसरीत किती, हा अंदाज आता उरला नाही. मात्रा ठरवता येऊ लागली.

तत्पूर्वीच मुंबईने आपले काम केले होते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग केला आणि १९४९ साली त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वीचे बहुतेक काम भारतीय नियतकालिकांत पडून होते. पाश्चात्त्य डॉक्टरांनी ते वाचले नव्हते. वकिलांच्या लेखानंतर बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकन रुग्णांवर मुळीची तपासणी सुरू केली. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी रेसर्पिनचा मानसिक आजारांवरील उपयोग नोंदवला. १९५७ साली अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे डॉ. वकीलही होते.

कथा येथे थांबवली तर ती गौरवगाथा होईल. पण तपासणी जशी गुण दाखवते तशी दोषही दाखवते. रेसर्पिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागल्यावर रुग्णांत नाक चोंदणे, नाडी मंद होणे, जठरातील आम्ल वाढणे या तक्रारी आल्या. त्याहून गंभीर म्हणजे काही रुग्ण खोल उदासीनतेत गेले. ‘नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. जे द्रव्य रक्तदाब उतरवते तेच मनावर मळभ आणू शकते, आणि ते त्याच मुळीतले आहे.

या दोषाचाही अभ्यास झाला. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की रेसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. नसांमधील निरोप वाहून नेणारी द्रव्ये चेतापेशीत ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठवली जातात, त्या पिशव्यांत ती भरण्याची क्रियाच रेसर्पिन रोखते. रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा निरोप कमी मिळतो, म्हणून दाब उतरतो. मेंदूतला साठाही संपतो, म्हणून मन मंदावते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व समजण्याच्या आणि कंपवाताच्या उपचाराच्या वाटेवरचा तो निर्णायक प्रयोग ठरला. कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मुख्य प्रश्न तरीही शिल्लक होता. दाब उतरतो हे खरे. पण दाब उतरल्याने माणूस वाचतो का? त्याचे उत्तर १९६७ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने दिले. रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुष रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांतले एक रेसर्पिन. ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते, डॉक्टरलाही नव्हते. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंतीच्या २७ घटना घडल्या. औषध घेणाऱ्यांत २. श्रेय तिन्ही औषधांचे एकत्रित आहे, एकट्या रेसर्पिनचे नाही. पण उच्च रक्तदाबावर उपचार केलाच पाहिजे, हे जगाला पटवून देणाऱ्या गोळ्यांत बिहारच्या बाजारातल्या मुळीचा अंश होता.

आज रेसर्पिन फारसे वापरात नाही. त्याच्याहून सुसह्य औषधे आली. परंपरेत एखादे औषध ‘मागे पडले’ असे सहसा म्हटले जात नाही. तेथे जुने असणे हाच मोठेपणा असतो. तपासणीच्या जगात मात्र काल स्वीकारलेले औषध आज बाजूला ठेवता येते आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

या इतिहासात एक मोठी रिकामी जागा आहे. हकीमसाहेबांचे नाव अजमलिनमध्ये राहिले, जर्मन वैद्याचे नाव झाडात राहिले. बिहारमध्ये जंगलातून ती मुळी खणून आणणारे, कोणती मुळी अस्सल हे बोटांनी ओळखणारे, किती द्यावी याचा अंदाज पिढ्यान् पिढ्या सांभाळणारे यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले नाही. ज्यांच्या हाताला मुळी ठाऊक होती त्यांच्या हाती लेखणी लागू दिली गेली नव्हती. आपल्याकडे गावोगाव जडीबुटी विकत फिरणारे वैदू आणि बाळंतपणे करणाऱ्या सुईणी यांच्याकडे असे किती ज्ञान होते आणि त्यातले किती खरे, किती खोटे, हे तपासलेच गेले नाही. तपासणी न होणे हाही एक अन्याय आहे. खरे ज्ञान त्यामुळे निनावी राहते. आणि खोटे ज्ञान, ज्यांना दवाखाना परवडत नाही त्यांच्याच अंगावर वापरले जात राहते.

जंगलालाही किंमत मोजावी लागली. मुळी काढायची म्हणजे झाडच उपटायचे. मागणी वाढली तशी रानातली सर्पगंधा विरळ झाली. १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

पुढे या अन्यायावर उपाय करण्याचा एक प्रयत्न केरळात झाला. १९८७ मध्ये अगस्त्यमलाच्या डोंगरात गेलेल्या तिरुवनंतपुरमच्या शास्त्रज्ञांनी पाहिले की सोबतचे काणी आदिवासी एका झुडपाची फळे खाऊन न थकता चालत राहतात. त्या झुडपाची, ‘आरोग्यपच्चा’ची, प्रयोगशाळेत तपासणी झाली, त्यापासून ‘जीवनी’ नावाचे औषध बनले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनातील निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचे ठरले. त्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या, वादही झाले. तरी ज्ञान देणाऱ्यालाही हक्क असतो हे तत्त्व कागदावर आले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने भारतात त्या तत्त्वाला कायद्याचा आधार दिला.

‘आमच्या ग्रंथांत सगळे होते’ असे म्हणणारे बिहारच्या त्या निनावी माणसांना पुसून टाकतात. ‘सगळे प्रयोगशाळेने शोधले’ असे म्हणणारेही त्यांनाच पुसतात. आपल्याला या दोघांच्याही पंक्तीत बसायचे कारण नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? पुढच्या वेळी एखाद्या अर्काची थोरवी सांगणारा संदेश आला तर पाच गोष्टी विचाराव्यात. वनस्पती नेमकी कोणती आणि तिचा भाग कोणता. अर्क कशात काढला आणि मात्रा किती. परिणाम कोठे दिसला : काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, कारण बशीतल्या पेशी तर मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरतात. तुलना कशाशी केली. आणि अपाय कोणते नोंदवले. ज्या संदेशात अपायांचा रकानाच नाही, त्याच्यामागे तपासणी झालेली नाही असे समजावे. सर्पगंधेच्या मुळीला या पाचही प्रश्नांची उत्तरे देण्यास सुमारे चार दशके लागली.

आपले आईवडील भारतात असतात, आपण येथे. त्यांच्या उशाशी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या शेजारी कुणीतरी प्रेमाने आणून दिलेली भुकटीची पुडी असण्याचा संभव मोठा आहे. तिच्यात सर्पगंधा असू शकते; रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीसोबत ती घेतली तर दाब नको इतका उतरू शकतो, आणि आईच्या उदासपणाचे कारण आपण एकटेपणात शोधत राहू. त्या पुडीची चेष्टा करू नये. तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. रविवारी फोन कराल तेव्हा तिच्यावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवायला सांगा, आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांबरोबर ती पुडीही न्यायला सांगा.